वाघोलीचा प्लॉट ४० बाय ५०, प्लॅन जवळजवळ फायनल. मंजुरीला टाकायच्या आधी कोणी नजर टाकेल का?

गच्चीवाला

नमस्कार मंडळी. सध्या कर्वेनगरला लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर २ बीएचकेत सहा जण राहतोय. आईचे गुडघे आता जिना म्हटलं की नाहीच म्हणतात, पोरांना स्वतःच्या खोल्या हव्यात, त्यामुळे वाघोलीत घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर शेवटी बांधायचं ठरलंय. एनए (बिनशेती) आहे, रस्ता पूर्वेला, रस्त्याकडची बाजू ४० फूट आणि खोली ५० फूट, म्हणजे दोन गुंठ्यांना थोडा कमी. पुढे १० फूट आणि बाकी तिन्हीकडे ५-५ फूट सोडून आर्किटेक्टने ३० बाय ३५ मधे घर बसवलंय.

प्लॅनचा फोटो अपलोडच होत नाहीये म्हणून शब्दांत सांगतो, जरा सहन करा. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला उजवीकडे म्हणजे ईशान्येला झाकलेलं पार्किंग ९ बाय १८, मधे हॉल ११ बाय १८, आणि आग्नेयेला किचन ८ बाय ११. किचनच्या मागे दक्षिणेच्या भिंतीला लागून ५ बाय ८ ची एक जागा आहे तिच्यावर नुसतं 'स्टोअर' लिहिलंय, त्यामागे आईबाबांचं टॉयलेट साडेचार बाय ८, आणि नैऋत्येला आईबाबांची रूम ११ बाय १२. हॉलच्या मागे डायनिंग, ८ बाय १४. पार्किंगच्या मागे जिना ६ बाय ९, जिन्याच्या लँडिंगखाली कॉमन टॉयलेट, त्याला चिकटून देवघर ४ बाय ४, आणि वायव्येला माझी ऑफिसची छोटी रूम. वरती तीन बेडरूम, १० बाय १२ चा फॅमिली लाउंज आणि पुढे पार्किंगवर टेरेस. मजल्याची उंची साडेदहा फूट.

घरात मत असं की हॉल लहान वाटतोय. बायको म्हणते लाउंज म्हणजे पैसे वाया, तिथे कपडे वाळत घालणार आपण. आईला देवघर टॉयलेटला चिकटून नकोय, त्यावरून रोज चालू आहे. वॉशिंग मशीन कुठे ते आर्किटेक्ट म्हणाले 'वर बाथरूममधे जाईल'. बाबा ७४ चे आहेत, आई ७०. गणपतीला बहीण सहकुटुंब येते, तेव्हा दहा माणसं. बदल करायचे तर आत्ताच, कारण पुढच्या आठवड्यात फाइल जाणार. काय खटकतंय ते बिनधास्त सांगा.

रिटायर्ड_साइटवाला

तुमच्या हॉलचं नंतर बघू, आधी जिना. साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच. ९ फूट लांबीतून ३ फूट लँडिंग गेलं, राहिले ६ फूट, १० इंचाच्या पायरीने एका बाजूला जेमतेम ७ पायऱ्या बसतात म्हणजे ८ रायझर (पायरीची उभी चढण), दोन्ही मिळून १६. १२६ ला १६ ने भागा, पावणेआठच्या वर जातंय. नॅशनल बिल्डिंग कोडमधे घराच्या जिन्याला १९० मिमी म्हणजे साडेसात इंच ही कमाल मर्यादा आहे, आणि तीही वयस्कर माणसांसाठी चढच. कागदावर पायऱ्यांच्या रेषा कोणी मोजत नाही, कॉन्ट्रॅक्टर साइटवर बसवून मोकळा होतो आणि मग एक पायरी सात इंच, एक आठ, असं काहीतरी होऊन बसतं. पाय अडखळतो तो अशाच ठिकाणी.

दुसरं, लँडिंगखाली टॉयलेट. लँडिंग बरोबर मधे येणार म्हणजे सव्वापाच फुटांवर, त्यातून स्लॅबची जाडी आणि खालची फरशी वजा करा, पावणेपाच फूट हाइट उरली. तिथे उभं कोण राहणार? बऱ्याच घरांत हे असंच ड्रॉइंगमधे दिसतं आणि साइटवर गेल्यावर मग टॉयलेट एक फूट खाली खणा वगैरे प्रकार चालू होतात, पुढे पाणी तुंबतं ते वेगळंच.

माझं म्हणणं असं की ऑफिसची रूम वर लाउंजमधे टाका (वहिनींचा प्रश्नही सुटला), आणि खाली पार्किंगच्या मागे जी ९ बाय १५ ची पट्टी मिळते तिच्यात जिना आडवा न घेता लांबीत, पूर्व-पश्चिम घ्या. मजल्याची उंची १० फूट करा, १२० इंचाला १८ रायझर, एकेक पावणेसात इंचाच्या आत. ८ पायऱ्या १० इंचाच्या म्हणजे ६ फूट ८ इंच, त्यात सव्वातीन फुटाचं लँडिंग, १० फुटांत जिना बसला. रुंदी साडेसहा फूट ठेवा, ६ मधे कपाट वळत नाही. उंची कमी झाली म्हणून घाबरू नका, स्लॅब आणि फरशी जाऊन सव्वानऊ फूट तरी क्लिअर मिळते, नियमाला २.७५ मीटर म्हणजे ९ फूट लागतात. जिन्याच्या पुढे वायव्य कोपऱ्यात साडेचार फुटाचं टॉयलेट, बाहेरच्या भिंतीला खरीखुरी खिडकी असलेलं. लँडिंगखाली जुने पेपर, इन्व्हर्टर, गणपतीचं मखर.

आणि आर्किटेक्टला एवढं विचारा की ही मापं क्लिअर म्हणजे आतली मोकळी आहेत का भिंतीच्या मध्यापासून. ११ फुटाची रूम प्लास्टरनंतर साडेदहा निघाली की कपाटाची आणि बेडची सगळी गणितं गेली.

कोथिंबीरवडी

मला एकच कळलं नाही, किचन पुढे रस्त्याकडे आणि डायनिंग मागे, मधे सगळा हॉल? म्हणजे आमटीचं पातेलं घेऊन पाहुण्यांच्या मधून जायचं, टीव्हीसमोरून, मग कोणाला तरी मीठ हवं असतं म्हणून परत यायचं. रोज तीन वेळा. हे प्लॅन काढणाऱ्याने कधी गरम पोळी वाढलेली नाही एवढं नक्की.

हॉल लहान वाटतोय म्हणून डायनिंगमधून जागा घेऊ नका, उलट करा. हॉल १८ फूट लांब आहे ना, मग पुढचे ११ फूट बसायला आणि किचनच्या दाराजवळचे मागचे ७ फूट टेबलाला. ११ बाय ११ मधे सोफा आणि दोन खुर्च्या आरामात बसतात, रोज काय वीस पाहुणे येतात? मग मागची ८ बाय १४ ची जागा पूर्ण मोकळी झाली, तिला माझ्या आजीच्या भाषेत माजघर म्हणा. तिथे देवघर, आईबाबांच्या दोन खुर्च्या, त्यांचा टीव्ही, धान्याचं कपाट. आईबाबांच्या रूमचं दार तिथेच उघडतंय. गणपतीला तिथे गाद्या घातल्या की बहिणीच्या पोरांची सोय झाली आणि रात्री हॉलमधे कोणी पत्ते खेळत बसलं तरी आईबाबांची झोप मोडत नाही.

ते 'स्टोअर' म्हणजे तर लॉटरी आहे, ओळखलं नाही कोणी. किचनला लागून आणि बाहेरच्या भिंतीवर! तिला ड्राय बाल्कनी करा. मशीन तिथे, भांडी घासायचं सिंक तिथे, ओल्या-सुक्याचे डबे तिथे, आणि बाजूच्या मार्जिनमधे (सोडलेल्या ५ फुटांत) उघडणारं एक दार, म्हणजे मावशी हॉलमधून न येता तिकडून येतील जातील आणि गॅसवाला, भाजीची पिशवी, चिखलाचे बूट सगळं तिकडून. जाळीचं दार लावा बरं का, बाजूला मोकळे प्लॉट असतील तर साप-विंचू हा विनोद नाही. पावसाळ्यात कपडे वाळवायला वर छताला दोऱ्या, खाली मशीन.

देवघर ४ बाय ४ ची बंद खोली कशाला? आईंचे गुडघे दुखतात म्हणजे त्या पाटावर बसणार नाहीत, खुर्चीवर बसून पूजा करणार. मग माजघराच्या भिंतीत ४ फूट रुंद कोनाडा, देवांची पाटी अडीच फुटांवर, खाली दोन ड्रॉवर वाती-कापूर-पोथ्यांना, बाजूला एक प्लग. टॉयलेट लांब गेलं की आईंचा मुद्दाही मिटतो.

शनिवारपेठी

ईशान्येला गाडी ठेवून देव जिन्याखाली घातलेले पहिलंच घर बघतोय. 😀

बाकी हौस असेल तर मधे वाड्यासारखा चौक ठेवा. विश्रामबागवाड्यात बघून या, उन्हाळ्यात भर दुपारी काय गार वाटतं.

गच्चीवाला

@शनिवारपेठी चौकाचं आमच्याही मनात होतं पण ३० बाय ३५ मधून चौक काढला तर आम्ही राहायचं चौकातच 😅

साइटवाले काका, रायझर मी आत्ता स्केलने मोजले, १६ च आहेत. आर्किटेक्टना फोन केला तर म्हणाले 'साइटवर अ‍ॅडजस्ट होतं'. कोथिंबीरवडी ताई, तुमचा रिप्लाय बायकोला वाचून दाखवला, ती म्हणते आर्किटेक्टऐवजी यांनाच फी द्या. डायनिंग पुढे घेतोच. आता नवी शंका, आईबाबांची रूम नैऋत्येला. वास्तूवाले म्हणतात तिथे कर्त्या माणसाची रूम हवी, ते ठीक आहे, मानायचं झालं तरी बाबा कर्तेच आहेत, पण दुपारचं ऊन?

छज्जाप्रेमी

ऊन हाच खरा मुद्दा, आणि तो वास्तूपेक्षा सोपा आहे कारण सूर्य कुठे असतो ते मोजता येतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी बाराचा सूर्य आपल्याकडे डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि डिसेंबरात दक्षिणेकडे ४८ अंशांपर्यंत खाली येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटाचा छज्जा टाकला की उन्हाळ्याच्या दुपारी ती सावलीत आणि थंडीत मात्र खिडकीच्या खालच्या निम्म्या भागातून ऊन आत, म्हाताऱ्या माणसांना तेच हवं असतं. पश्चिमेचं ऊन तिरपं घुसतं, त्याला कितीही मोठा छज्जा द्या, एप्रिलमधे चार वाजता ते पलंगावर असणारच.

म्हणून आईबाबांच्या रूममधे मोठी खिडकी दक्षिणेला, पश्चिमेच्या भिंतीला पूर्ण वॉर्डरोब, आणि त्याच्या वर फूटभर उंचीची व्हेंटिलेटरची पट्टी. संध्याकाळी पश्चिमेचा वारा येतो तो पूर्ण अडवायचा नाही. पलंगाचं डोकं पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, ती रात्री नऊपर्यंत तापलेली असते. आणि त्या वॉर्डरोबच्या मागून ओल येऊ नये म्हणून भिंतीला बाहेरून चांगलं वॉटरप्रूफिंग, पावसाचा मारा नैऋत्येकडूनच असतो.

खरी भाजणारी रूम ही नाहीच, तिच्या डोक्यावरची तुमची मास्टर बेडरूम आहे, तिला पश्चिमही आहे आणि स्लॅबही. तिथे टॉयलेट आणि ड्रेसिंग पश्चिमेच्या बाजूला सारा आणि गच्चीवर पांढरं चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) करा. जिन्याची वरची टोपी (गच्चीवर जिना निघतो ती खोली) उत्तरेला येतेय ते फार चांगलं, एक तर तिच्यात वरती उघडणारी खिडकी ठेवली की घरातली गरम हवा जिन्यातून वर निघून जाते, आणि दुसरं म्हणजे तिची सावली सोलरवर पडत नाही. ३ किलोवॅटला साधारण ३०० स्क्वेअर फूट बिनसावलीची गच्ची धरा, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. पाण्याची टाकी टोपीवर ठेवा, गच्चीच्या मधोमध नको. पाइपची जागा आत्ताच डक्टमधे सोडून ठेवा नाहीतर नंतर बाहेरच्या भिंतीवर पांढरे पाइप लोंबतात.

अजून एक, शेजारचा प्लॉट रिकामा असला तरी तिथेही ५ फूट सोडून घर होणारच. मधे १० फूट. तुमची दक्षिणेची खिडकी त्यांच्या बाथरूमसमोर आली तर ती कायम पडद्यात जाईल, म्हणून सिल (खिडकीची खालची कड) जरा वर घ्या.

फिजिओताई

आईबाबांच्या टॉयलेटवर कोणीच बोललं नाही. माझं काम घरोघरी जाऊन पेशंटना चालवायचं, त्यामुळे पुण्यातली बाथरूम्स मी आर्किटेक्टपेक्षा जास्त बघितलीत. साडेचार बाय ८ पुरेसं आहे, पण दार. नेहमीचं अडीच फुटाचं दार चौकट आणि पल्ल्याची जाडी जाऊन सव्वादोन फूटही मोकळं मिळत नाही आणि साधी व्हीलचेअरच २५-२६ इंच रुंद असते. खुब्याचं हाड मोडून माणूस घरी येतं आणि व्हीलचेअर बाथरूमच्या दारात अडकते, हे मी इतक्या वेळा बघितलंय. दार ३ फुटाचं करा आणि बाहेर उघडणारं करा किंवा सरकतं, आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगावर अडतं. उंबरा अजिबात नको. ओला भाग दारापासून लांब, शेवटच्या ३ फुटांत, तिकडे उतार आणि नहाणी ट्रॅप, मधे काचेचं काही नको. कमोडच्या बाजूची भिंत विटांची हवी, ब्लॉक असेल तर ग्रॅब बार (धरायच्या दांड्या) लावायच्या जागी काँक्रीट भरून घ्या, प्लास्टरच्या आधी सांगायचं. रात्री पलंगावरून उतरल्यावर पायाला लागेल असा एक छोटा दिवा, स्विच पलंगापाशी.

रूमचं दारही ३ फूट. आणि पार्किंगपासून हॉलपर्यंत किती पायऱ्या आहेत? प्लिंथ (जोतं) दोन फूट घेतलीत तर चार पायऱ्या होणार, तिथे एका बाजूला रॅम्पची जागा बघा. एकास बाराच्या उताराने दोन फुटाला २४ फूट लागतात, तेवढी जागा तुमच्याकडे नाही, म्हणून निदान पायऱ्या ६ इंचाच्या, रुंद, आणि दोन्ही बाजूंना कठडा.

खराडीकर

प्लॅन राहू द्या, टाकी कुठेय? उन्हाळ्यात टँकर लागणार हे गृहीत धरा आमच्या भागासारखं. टँकर बहुतेक १० हजार लिटरचा येतो, तुमची टाकी ५ हजारची असेल तर पैसे पूर्ण टँकरचे आणि अर्धं पाणी शेजाऱ्यांना विचारत फिरायचं. ८ बाय ८ आणि साडेपाच फूट पाणी धरलं तर १० हजार बसतं, वर थोडी जागा सोडून ६ फूट खोल. पार्किंगखाली टाका, ईशान्य आहे म्हणजे वास्तूवालेही खूश. झाकण गाडीच्या चाकाखाली नको एवढं बघा आणि ड्रेनेजचे चेंबर दुसऱ्या बाजूला न्या. टँकरच्या पाइपसाठी गेटजवळ भिंतीतून एक ४ इंची स्लीव्ह, नाहीतर तो गेट उघडं ठेवायला लावतो आणि कुत्री आत.

शनिवारपेठी

@फिजिओताई दाराचं पटलं. आमच्याकडे आजोबांच्या वेळी दाराची चौकटच काढावी लागली होती, सुतार रविवारी यायला तयार नव्हता.

गच्चीवाला

कमाल आहात तुम्ही लोक. आज संध्याकाळी बसून सगळं पेन्सिलने परत काढलं. जिना लांबीत, वायव्येला टॉयलेट, माजघर, ड्राय बाल्कनी, ऑफिस वर. एक अडचण आली, वरच्या मजल्यावर मुलीच्या रूमची भिंत आता खाली कशावरच येत नाहीये, माजघरावरून जातेय. आर्किटेक्ट म्हणाले बीम टाकू, पण मग माजघरात डोक्यावर बीम दिसणार. आणि फाइल आठवडाभर पुढे ढकलू का?

रिटायर्ड_साइटवाला

ढकला. मंजुरी झाल्यावर भिंत हलवली तर रिव्हाइज्ड प्लॅन, परत फी, परत चकरा. आठवड्याने काही बिघडत नाही, पाया पावसाळ्यात खणू नका म्हणजे झालं.

बीमचं म्हणाल तर नुसती भिंत असेल आणि ती ४ इंची हलक्या ब्लॉकची असेल तर बीमवर चालते. दिसायला नको असेल तर मुलीच्या रूमची भिंत फूट-दीड फूट सरकवून माजघर आणि हॉलच्या मधल्या ओळीवर आणा, मुलीची रूम तेवढी कमी झाली तर तिच्या कपाटातून घ्या. पण कॉलम मात्र वरून खाली एका रेषेत पाहिजे, वर सोयीसाठी म्हणून बीमवर नवा कॉलम उभा केलेला अजिबात मान्य करू नका. पुणे भूकंपाच्या झोन तीनमधे आहे, ६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा धक्का पुण्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आर्किटेक्टच्या ऑफिसमधे बोलवून दोघांना समोरासमोर बसवा, एकमेकांना ईमेल करत बसले की कॉलम नेमका दाराच्या मधे येतो. आणि खड्डे घेऊन माती बघितल्याशिवाय फूटिंगचं (कॉलमच्या पायाचं) काही ठरवू देऊ नका, काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो त्यावर खर्चाचा फरक पडतो.

रविवारी प्लॉटवर जा, फक्की (चुन्याची पूड) टाकून नवा प्लॅन खऱ्या मापात आखा. आईबाबांना घेऊन जा, खुर्च्या न्या दोन, त्यांच्या रूममधून टॉयलेटपर्यंत चालायला लावा, वहिनींना किचनमधून टेबलापर्यंत. गाडी पार्किंगच्या रेषेत उभी करून चारी दारं उघडून बघा. ९ फुटात मोठी गाडी असेल तर भिंतीकडचं दार पूर्ण उघडत नाही, बाबांना त्या बाजूने उतरवायचं असेल तर हॉलमधून सहा इंच इकडे घ्यावे लागतील.

गच्चीवाला

गाडी आमची वॅगनआर आहे काका, पण मेहुण्याची मोठी आहे आणि तो गणपतीत दहा दिवस तिथेच लावतो 😄 रविवारी फक्की घेऊन जातो. चटई पण नेतो, माजघरात किती गाद्या बसतात ते बघायला.

कोथिंबीरवडी

आणि फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही आखा तिथेच. ८ फुटी किचनमधे दोन्हीकडे ओटा घेतलात तर मधे ४ फूट राहतात, फ्रिज उघडला की मागून कोणी जाऊ शकत नाही. फ्रिज दाराजवळच ठेवा, पोरं पाण्याच्या बाटलीसाठी ओट्यापर्यंत येत नाहीत मग. ओट्याची उंची वहिनींच्या कोपराच्या चार-पाच इंच खाली, कॉन्ट्रॅक्टर सगळीकडे एकच उंची ठोकतो, ऐकू नका त्याचं.